नाव आणि ठिकाण : वेबवरील दस्तऐवजांची ओळख

शासन निर्णयाच्या अखेरीस येणारे एक वाक्य आता सर्व कार्यालयांच्या परिचयाचे झाले आहे. सदर निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे, अशा आशयाचे ते वाक्य असते. या एका वाक्यात दोन स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या असतात. निर्णय कोठे पाहावयास मिळेल ही पहिली आणि तो निर्णय नेमका कोणता ही दुसरी. पहिली गोष्ट म्हणजे ठिकाण. दुसरी म्हणजे नाव.

दैनंदिन कामाच्या घाईत या दोहोंमधील भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. पत्रव्यवहारात, अहवालात किंवा ग्रामसभेच्या ठरावात आधार म्हणून केवळ संकेतस्थळाचा पत्ता नमूद केला जातो. काही वर्षांनी संकेतस्थळाची पुनर्रचना होते, तो पत्ता बंद पडतो आणि ज्या परिपत्रकाच्या आधारे एखाद्या लाभार्थ्यास पात्र किंवा अपात्र ठरविले गेले, ते परिपत्रक दाखविता येत नाही. अशा वेळी नागरिकाचे नुकसान होते आणि कार्यालयाची अडचण होते. म्हणून वेबवरील ओळखींचे प्रकार कोणते, त्यांत फरक कोणता आणि कोणत्या कामासाठी कोणती ओळख वापरावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दप्तरातील उदाहरण

हा भेद संगणकाने निर्माण केलेला नाही. कोणत्याही कार्यालयाचे दप्तर पाहिले तरी तो दिसून येतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक व दिनांक असतो. त्या पत्राची स्थळप्रत अभिलेख कक्षातील एखाद्या कपाटात, ठरावीक कप्प्यात, ठरावीक गठ्ठ्यात ठेवलेली असते. जावक क्रमांक हे पत्राचे नाव होय. कपाट, कप्पा व गठ्ठा हे त्याचे ठिकाण होय. कार्यालय नव्या इमारतीत गेले की कपाटे बदलतात, गठ्ठे नव्याने बांधले जातात. परंतु जावक क्रमांक बदलत नाही. ग्रंथालयातही दाखल क्रमांक कायम राहतो आणि पुस्तकाची फळी मात्र बदलू शकते.

आता ग्रामपंचायतीचे उदाहरण घेऊ. ‘ठराव क्रमांक ३’ एवढेच सांगितले तर ती ओळख पुरी होत नाही. कारण या क्रमांकाचा ठराव प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि बहुधा प्रत्येक सभेत असतो. कोणत्या ग्रामपंचायतीचा, कोणत्या दिनांकाच्या सभेचा, हे जोडले तरच तो ठराव इतर सर्व ठरावांपासून वेगळा ओळखता येतो. नाव देणारा कोण आणि त्याच्या अधिकाराची मर्यादा कोणती, हे नावात आलेच पाहिजे, हा नियम येथे दिसतो. वेबवरील नावांची सर्व रचना याच नियमावर उभी आहे.

तीन संज्ञा

वेबवर ज्याचा उल्लेख करावयाचा त्या प्रत्येक वस्तूस ‘संसाधन’ म्हणतात. परिपत्रक, छायाचित्र, नकाशा, ध्वनिमुद्रण, नोंदींचा तक्ता ही सर्व संसाधने होत. वेबवर प्रत्यक्ष उपलब्ध नसलेली वस्तूही, उदाहरणार्थ छापील पुस्तक, या अर्थाने संसाधन ठरू शकते. संसाधनाच्या ओळखीसाठी तीन संज्ञा रूढ आहेत.

पहिली संज्ञा यूआरआय. संसाधनाची कोणतीही एकसारख्या पद्धतीने लिहिलेली ओळख म्हणजे यूआरआय. हा सर्वसमावेशक शब्द आहे.

दुसरी संज्ञा यूआरएल. ज्या ओळखीतून संसाधन कोठे आहे व तेथे कोणत्या रीतीने पोहोचावयाचे हे कळते ती यूआरएल, म्हणजेच पत्ता.

तिसरी संज्ञा यूआरएन. संसाधन कोठेही असो, किंबहुना ते उपलब्ध असो वा नसो, ज्या ओळखीने त्याचा कायम निर्देश करता येतो ती यूआरएन, म्हणजेच नाव.

थोडक्यात, प्रत्येक यूआरएल हा यूआरआय असतो आणि प्रत्येक यूआरएन हाही यूआरआय असतो; परंतु प्रत्येक यूआरआय हा पत्ता असतोच असे नाही. आंबा आणि फणस ही दोन्ही फळे आहेत, पण प्रत्येक फळ आंबा नसते, तसाच हा प्रकार आहे.

संकल्पनेचा उगम

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत काम करीत असता १९८९ च्या मार्च महिन्यात माहितीच्या परस्परसंलग्न जाळ्याचा प्रस्ताव मांडला. त्यातूनच पुढे वेब आकारास आले. निरनिराळ्या संगणकांवरील माहिती एकमेकींशी जोडावयाची तर प्रत्येक वस्तूचा उल्लेख एकाच पद्धतीने करता आला पाहिजे, ही त्याची मूलभूत गरज होती. जून १९९४ मध्ये अशा ओळखींचे वर्णन करणारा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यूआरएलचे नियम आणि मे १९९७ मध्ये यूआरएनची लेखनपद्धती निश्चित करण्यात आली. जानेवारी २००५ मध्ये बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग व लॅरी मासिंटर यांनी तयार केलेले यूआरआयचे एकत्रित मानक प्रसिद्ध झाले. यूआरएनचे नियम एप्रिल २०१७ मध्ये सुधारण्यात आले.

आरंभी अशी कल्पना होती की, सर्व ओळखी दोन कप्प्यांत विभागता येतील : एका बाजूस पत्ते आणि दुसऱ्या बाजूस नावे. अनुभवांती असे दिसून आले की, एकच ओळख दोन्ही कामे करू शकते. एखादा पत्ता संस्थेने कधीच बदलला नाही, तर तो व्यवहारात नावासारखा वापरला जातो. म्हणून २००२ मध्ये या विषयावरील तज्ज्ञांच्या टिपणात दोन दृष्टी स्पष्ट करण्यात आल्या आणि २००५ च्या मानकाने, एखादा यूआरआय पत्ता असू शकतो, नाव असू शकतो किंवा दोन्ही असू शकतो, असे नमूद केले. तेव्हा पत्ता आणि नाव या ओळखीच्या दोन जाती मानण्यापेक्षा ती ओळखीची दोन कामे आहेत असे मानणे अधिक योग्य होय.

पत्त्याची अंगे

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून टपालासाठी पिन कोड वापरात आला. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही सहा अंकी पद्धती तयार केली. तिच्यात पहिला अंक विभाग दर्शवितो आणि पुढील अंक क्रमाक्रमाने वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेतात. महाराष्ट्र व गोवा यांच्या पिन कोडचा आरंभ ४ या अंकाने होतो. वेबवरील पत्ताही असाच टप्प्याटप्प्याने वाचावयाचा असतो. पुढील पत्ता कल्पित आहे. प्रत्यक्षात त्याचा आरंभीचा शब्द रोमन लिपीत लिहावा लागतो.

एचटीटीपीएस://माहिती.उदाहरण.भारत/दप्तर/ठराव?वर्ष=२०२४#परिशिष्ट

यातील पहिला शब्द कोणत्या रीतीने पोहोचावयाचे ते सांगतो. येथे ती रीत वेबची, तीही सुरक्षित, म्हणजे वाटेत मजकूर सांकेतिक रूपात नेणारी आहे. दोन तिरक्या रेषांनंतर येणारा ‘माहिती.उदाहरण.भारत’ हा भाग कोणत्या संस्थेच्या यंत्रणेकडे जावयाचे ते दर्शवितो. यास क्षेत्रनाम म्हणतात. त्यापुढील ‘दप्तर/ठराव’ हा मार्ग होय. कपाट व कप्पा यांच्या जागी तो आहे. प्रश्नचिन्हापुढील भाग म्हणजे विचारणा. कोणत्या वर्षाचे ठराव हवेत ते तेथे सांगितले आहे. शेवटचा ‘परिशिष्ट’ हा भाग दस्तऐवजातील विशिष्ट जागा दाखवितो. हा अखेरचा भाग दूरच्या यंत्रणेकडे पाठविलाच जात नाही. दस्तऐवज आल्यानंतर वाचकाच्या संगणकावरच त्याचा उपयोग होतो.

यांपैकी क्षेत्रनाम कसे वाचावे हे प्रत्येक नागरिकास कळणे अगत्याचे आहे. क्षेत्रनाम उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असते. सर्वांत उजवीकडचा भाग सर्वांत मोठे क्षेत्र दाखवितो व डावीकडे जाता जाता क्षेत्र लहान होत जाते. भारतात ‘जीओव्ही.इन’ ही अखेर केवळ शासकीय संस्थांसाठी राखून ठेवलेली असून तिची नोंदणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत होते. परंतु ‘महाराष्ट्र.जीओव्ही.इन.अमुक.कॉम’ असे लिहिलेले असल्यास ते संकेतस्थळ शासनाचे नव्हे. ते ‘अमुक.कॉम’ या नावाच्या मालकाचे आहे. डावीकडील ओळखीचे शब्द पाहून विश्वास ठेवणारा माणूस येथे फसतो. योजनेचा अर्ज भरण्यापूर्वी किंवा आधार क्रमांक देण्यापूर्वी पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या लगत डावीकडे काय लिहिले आहे ते पाहावे, एवढी एक सवय ग्रामसभेत सांगितली तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

पत्ता लिहिताना आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. क्षेत्रनामात रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे सारखीच मानली जातात. मार्गात मात्र तसे गृहीत धरता येत नाही. म्हणून छापील पत्रकात पत्ता देताना तो अक्षरशः जसा असेल तसाच द्यावा आणि ओळ मोडताना मध्ये जोडरेघ घालू नये.

वेबपृष्ठापलीकडील ओळखी

यूआरआय म्हणजे केवळ वेबपृष्ठाचा पत्ता, असा समज सार्वत्रिक आहे. तो खरा नाही. दूरध्वनी क्रमांकासाठी ‘टेल’ आणि ई-टपालासाठी ‘मेलटू’ या शब्दांनी सुरू होणारे यूआरआय असतात. अगदी परिचयाचे उदाहरण किराणा दुकानातील चौकोनी क्यूआर संकेताचे. एकीकृत देयक पद्धती, म्हणजे यूपीआय, एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्या क्यूआर संकेतात ‘यूपीआय’ या शब्दाने आरंभ होणारी एक ओळ साठविलेली असते आणि तीत पैसे कोणाच्या खात्यावर जावयाचे त्याचा देयक-पत्ता, नाव आणि आवश्यक असल्यास रक्कम दिलेली असते. तिची रचना वर वर्णन केलेल्या रचनेसारखीच आहे : आरंभी रीत, मग कृती, मग प्रश्नचिन्ह व तपशील. येथे कोणतेही वेबपृष्ठ उघडावयाचे नसते. तरीही ती ओळख यूआरआयच्या स्वरूपातच लिहिलेली असते.

नावाची अंगे

यूआरएनचे तीन भाग असतात. पहिला भाग ‘यूआरएन’ हा शब्द, दुसरा भाग नाव देणाऱ्या पद्धतीचे नाव आणि तिसरा भाग त्या पद्धतीतील प्रत्यक्ष ओळख. याचे उत्तम उदाहरण पुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकाचे, म्हणजे आयएसबीएनचे आहे. ‘यूआरएन : आयएसबीएन : क्रमांक’ अशा रीतीने कोणत्याही पुस्तकाच्या आवृत्तीचा निर्देश करता येतो.

१ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला. त्यापूर्वी तो दहा अंकी होता. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या अनेक पुस्तकांवर ९७८-८१ किंवा ९७८-९३ असा आरंभ दिसतो. त्यापुढील अंक प्रकाशकाचे, नंतरचे त्या प्रकाशकाच्या विशिष्ट पुस्तकाचे आणि शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. पडताळ्याची रीत शाळेत गणिताच्या तासास करून पाहण्याजोगी आहे. पहिल्या अंकास १ ने, दुसऱ्यास ३ ने, तिसऱ्यास पुन्हा १ ने, अशा क्रमाने तेराही अंकांस गुणून बेरीज केली असता ती दहाच्या पटीत आली पाहिजे. एखादा अंक लिहिताना चुकला, तर बेरीज दहाच्या पटीत येत नाही आणि चूक तत्काळ उघड होते.

हा क्रमांक पुस्तक कोणत्या दुकानात किंवा ग्रंथालयात आहे ते सांगत नाही. नावाचे बळ व मर्यादा दोन्ही येथेच आहेत. ठिकाण बदलले तरी नाव टिकते. परंतु केवळ नाव हाती असून वस्तू हाती येत नाही. नावावरून ठिकाण शोधून देणारी सूची लागते. ग्रंथालयात हे काम तालिका करते, कार्यालयात अभिलेखपाल व त्याची नोंदवही करते. वेबवर त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागते.

अशा यंत्रणेचे यशस्वी उदाहरण म्हणजे संशोधन लेखांसाठी २००० पासून वापरात असलेली डीओआय ही पद्धती. २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. प्रत्येक लेखास १० या अंकांनी सुरू होणारी ओळख दिली जाते आणि त्या ओळखीसमोर लेखाचा सध्याचा पत्ता एका मध्यवर्ती सूचीत नोंदविला जातो. नियतकालिकाचे संकेतस्थळ बदलले की प्रकाशकाने सूचीतील पत्ता बदलावयाचा. वाचकाच्या हातातील छापील ओळख तशीच राहते आणि तो योग्य जागी पोहोचतो.

शिक्षकांच्या नित्य परिचयाचे असेच उदाहरण ‘दीक्षा’ या व्यासपीठाचे आहे. ते ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पाठ्यपुस्तकात छापलेल्या क्यूआर संकेताखाली सहा अक्षर-अंकांचा एक सांकेतिक शब्द असतो. पुस्तक एकदा छापले की वर्षानुवर्षे मुलांच्या हातात राहते. परंतु त्या सांकेतिक शब्दामागील ध्वनिचित्रफीत किंवा प्रश्नसंच बदलता येतो, सुधारता येतो. छापलेले नाव स्थिर आणि त्यामागील साहित्य बदलते, अशी ही योजना आहे.

नावात ठिकाण गुंफावे काय?

नाव कसे असावे याविषयी एक व्यावहारिक प्रश्न नेहमी उभा राहतो. शाळांना दिलेल्या अकरा अंकी यूडायस क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, नंतरचे दोन जिल्ह्याचे, पुढील दोन तालुक्याचे, त्यापुढील तीन गावाचे व शेवटचे दोन शाळेचे असतात. महाराष्ट्राचा संकेत २७ आहे. क्रमांक पाहताच शाळा कोठली ते कळते, ही मोठीच सोय होय. परंतु प्रशासकीय सीमा कायम राहत नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. शाळा जागेवरच राहिल्या, त्यांचा जिल्हा मात्र बदलला. अशा प्रसंगी ज्या क्रमांकात जिल्हा गुंफलेला आहे तो क्रमांक तसाच ठेवावा तर त्याचा अर्थ चुकतो आणि बदलावा तर जुन्या नोंदींशी दुवा तुटतो. नाव जितके अधिक बोलके, तितके ते बदलाच्या तडाख्यात लवकर सापडते, हा यातून निघणारा बोध आहे.

वेबच्या पत्त्यांविषयी बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात हाच विचार मांडला आहे. चांगले पत्ते बदलत नसतात, हे त्याचे सूत्र. पत्त्यात लेखकाचे नाव, विषय, दस्तऐवजाची सद्यःस्थिती, फाइलचा प्रकार किंवा वापरलेली संगणकप्रणाली यांचा उल्लेख करू नये. कारण या सर्व गोष्टी कालांतराने बदलतात, असे त्यांनी सुचविले. दस्तऐवज निर्माण झाल्याचा दिनांक मात्र कधी बदलत नाही. शासन निर्णयाच्या संकेतांकाचा आरंभ वर्ष, महिना व दिवस यांच्या अंकांनी होतो, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे.

पत्ते का मोडतात?

पत्ता मोडण्याची कारणे बहुधा तांत्रिक नसून प्रशासकीय असतात. विभागांचे एकत्रीकरण होते, संकेतस्थळ तयार करणारी संस्था बदलते, नवी प्रणाली बसविली जाते आणि जुने दस्तऐवज नव्या मार्गावर हलविले जातात. काही वेळा क्षेत्रनामाच्या नोंदणीचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहून जाते. हे शेवटचे कारण विशेष धोक्याचे आहे. नोंदणी संपलेले खाजगी क्षेत्रनाम दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग ग्रामपंचायतीच्या नावाने छापलेल्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसू लागते.

या प्रश्नाची व्याप्ती अनेक पाहण्यांतून स्पष्ट झाली आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. त्याच पाहणीत अमेरिकेतील शासकीय पृष्ठांपैकी २१ टक्के पृष्ठांवर किमान एक मोडलेला दुवा आढळला. हार्वर्ड विधि विद्यालयातील अभ्यासकांच्या २०१४ मधील लेखात असे दाखविण्यात आले की, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आधार म्हणून दिलेल्या वेबपत्त्यांपैकी सुमारे निम्म्या पत्त्यांवर मूळ मजकूर मिळत नाही. न्यायनिर्णयाचा आधारच दिसेनासा व्हावा, ही स्थिती कोणत्याही देशातील प्रशासनाने गांभीर्याने विचारात घ्यावी अशी आहे.

पत्ता मोडला की संगणकावर ४०४ हा अंक दिसतो. दस्तऐवज सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो कोठे गेला, काढून टाकला की हलविला, हे त्यावरून कळत नाही. वास्तविक यासाठी अधिक स्पष्ट संकेत उपलब्ध आहेत. ३०१ हा अंक कायमचे स्थलांतर दर्शवितो आणि वाचकास आपोआप नव्या पत्त्यावर नेतो. टपाल कार्यालय जुन्या पत्त्यावरील पत्र नव्या पत्त्यावर पाठविते, तसाच हा प्रकार. ४१० हा अंक दस्तऐवज जाणीवपूर्वक काढून टाकल्याचे सांगतो. नवे संकेतस्थळ स्वीकारताना जुन्या पत्त्यांसाठी ही व्यवस्था करून घेणे हे कार्यालयाचे काम आहे. ते काम संबंधित संस्थेच्या करारातच नमूद असले पाहिजे.

याहून सूक्ष्म असा दुसरा दोष आहे. पत्ता चालू असतो, पण त्यावरील मजकूर बदललेला असतो. ‘अद्ययावत परिपत्रक’ या नावाचा पत्ता आज एक परिपत्रक दाखवितो आणि पुढील वर्षी दुसरे. त्या पत्त्याचा आधार घेऊन काढलेला आदेश पुढे तपासणाऱ्यास वेगळाच मजकूर दिसतो. पत्ता म्हणजे त्या जागी आज काय आहे ते सांगणारी खूण. विशिष्ट दस्तऐवजाची हमी तो देत नाही.

देवनागरीतील पत्ते

मूळ यूआरआय मानकात केवळ रोमन अक्षरे, अंक व काही चिन्हे यांनाच स्थान होते. इतर लिप्यांसाठी जानेवारी २००५ मध्ये आयआरआय हे विस्तारित मानक प्रसिद्ध झाले. त्यानुसार देवनागरी अक्षरांतही ओळख लिहिता येते. मात्र जुन्या यंत्रणेतून जाताना तिचे रूपांतर करावे लागते. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह संगणकात तीन भागांत साठविले जाते आणि पत्त्यात प्रत्येक भागासाठी टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षर-अंक असे तीन वर्ण लागतात. म्हणजे एका चिन्हासाठी नऊ वर्ण. ‘शाळा’ या शब्दात काना धरून चार चिन्हे आहेत. त्यामुळे पत्त्यात हा लहानसा शब्द छत्तीस वर्णांचा होतो. मराठी पृष्ठाचा पत्ता नकलून घेतल्यावर टक्के-चिन्हांची लांबलचक रांग दिसते, ती याच कारणाने. तो पत्ता बिघडलेला नसतो.

क्षेत्रनामाच्या बाबतीत २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ ही अखेर उपलब्ध करून देण्यात आली. मराठी व कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ती वापरता येते. ग्रामीण भागातील ज्या नागरिकास रोमन लिपी सरावाची नाही, त्याला आपल्या लिपीत पत्ता वाचता येणे आणि म्हणून खरा-खोटा ओळखता येणे, हा तिचा मोठा लाभ होय.

काय करावे?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित करून ठेवण्याची, तसेच इंटरनेटसह विविध माध्यमांतून स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. प्रसिद्ध केलेली माहिती पुन्हा सापडत नसेल, तर हा हेतू सफल होत नाही. त्या दृष्टीने पुढील गोष्टी अधिक खर्च न करता अमलात आणता येण्यासारख्या आहेत.

१. कोणत्याही शासन निर्णयाचा आधार देताना विभाग, निर्णय क्रमांक, दिनांक व संकेतांक ही नावाची अंगे प्रथम लिहावीत. संकेतस्थळाचा पत्ता सोयीसाठी नंतर द्यावा.

२. केवळ वेबवर असलेल्या मजकुराचा आधार घेतल्यास पत्त्यासोबत तो मजकूर पाहिल्याचा दिनांक नोंदवावा आणि त्याची प्रत नस्तीत जोडावी.

३. ग्रामपंचायतीने आपले ठराव प्रसिद्ध करताना ग्रामपंचायतीचा शासकीय संकेत, सभेचा दिनांक व ठराव क्रमांक मिळून एक नाव ठरवावे आणि फाइललाही तेच नाव द्यावे. ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘सुधारित प्रत दोन’ अशी नावे देऊ नयेत.

४. छापील फलकावर किंवा कायमच्या कागदावर खाजगी सेवांचे संक्षिप्त पत्ते छापू नयेत. गुगलने आपल्या अशा सेवेतून नवे पत्ते देणे २०१९ मध्ये बंद केले. संक्षिप्त पत्त्याचे आयुष्य तो देणाऱ्या कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

५. कार्यालयाचे संकेतस्थळ शक्यतो शासकीय क्षेत्रनामाखाली असावे. खाजगी क्षेत्रनाम असल्यास त्याची नोंदणी कार्यालयाच्या नावावर असल्याची खात्री करावी आणि नूतनीकरणाचा दिनांक नोंदवहीत लिहून ठेवावा. ती ठेकेदाराच्या नावावर असू नये.

६. शाळेत विद्यार्थ्यांना संदर्भ लिहिण्याची सवय लावताना पुस्तकासाठी आयएसबीएन आणि वेबपृष्ठासाठी शीर्षक, संस्था, पत्ता व पाहिल्याचा दिनांक लिहावयास सांगावे.

मोडलेल्या पत्त्यावरील जुना मजकूर पाहावयाचा असल्यास, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने २००१ पासून जुन्या वेबपृष्ठांच्या प्रती सर्वांना खुल्या केल्या आहेत. तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु आपले दप्तर सांभाळण्याची जबाबदारी दूरदेशीच्या संस्थेवर सोपविता येणार नाही.

नावाला टिकाऊपणा कोणत्याही लेखनपद्धतीमुळे आपोआप येत नाही. दिलेले नाव आम्ही बदलणार नाही, ते दुसऱ्या दस्तऐवजास देणार नाही आणि त्यावरून विचारणा झाली असता योग्य दस्तऐवज दाखवू, अशी संस्थेने घेतलेली जबाबदारीच त्याला टिकवून ठेवते. जावक नोंदवही नेमकेपणाने ठेवणाऱ्या लिपिकांनी ही जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या पार पाडली आहे. संगणकाच्या वापरामुळे तिचे स्वरूप बदलले असले, तरी तिचे महत्त्व कमी झालेले नाही. वीस वर्षांनी एखाद्या गावातील नागरिक जुन्या ठरावाची प्रत मागावयास येईल, तेव्हा ती त्याच्या हाती पडणे हे आज तो ठराव कोणत्या नावाने नोंदविला जातो यावर अवलंबून राहील.